हात लागला होता

हणमंतानं मला पेपरात मारलं ती गोष्ट आधी सांगतो, म्हणजे माणूस कसा आहे ते ध्यानात येईल.

तो तेव्हा नवा नवा बातमीदार झाला होता. सांगलीच्या एका पेपरात खेळाच्या बातम्या द्यायचा. मी साखर कारखान्याच्या संघातून कबड्डी खेळायचो. कबड्डीत गडी बाद झाला की आम्ही खेळाडू 'मेला' म्हणतो. आपल्या बाजूनं समोरचा गडी टिपला की आपला मेलेला गडी 'उठतो', म्हणजे पुन्हा मैदानात येतो. लहानपणापासून आमची हीच भाषा. हणमंत पेपरात गेला, पण त्याची भाषा मैदानातच राहिली. कऱ्हाडच्या सामन्याची बातमी त्यानं लिहिली, लखोटा एसटीच्या कंडक्टरकडं दिला आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'कारखान्याचा नामवंत चढाईपटू शंकर दहाव्या मिनिटाला मेला. त्यामुळे संघावर दडपण आले.' पुढं त्यानं लिहिलं होतं, की बाराव्या मिनिटाला शंकर उठला आणि एका चढाईत त्यानं तिघांना मारलं. पण पेपरात जागा कमी पडली म्हणून खालच्या दोन ओळी कापल्या. मी उठलो होतो ते त्या दोन ओळींत.

माझी सासुरवाडी वाईची. दुपारी सासरे, सासूबाई आणि दोन मेव्हणे जीप करून दारात. सासूबाईंनी गल्लीच्या कोपऱ्यावरूनच गळा काढला होता. मी सोप्यात बसून घेवड्याची आमटी आणि भाकरी खात होतो. थोरल्या मेव्हण्यानं माझ्याकडं असं बघितलं, की जिवंत राहून मीच काहीतरी चूक केली असं मला वाटलं. त्यांना जेवायला बसा म्हटलं, तर कुणी बसेना. मयताला आलेल्यांनी जेवावं का, हे त्यांचं ठरत नव्हतं.

मी पेपर घडी करून खिशात घातला आणि सांगली गाठली.

म्हटलं, "हणम्या, हे काय लिवलंस?"

तो म्हणाला, "दहाव्या मिनटाला तू मेला न्हाईस?"

"मेलो. पण..."

"मग खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. हणमंताशी भांडताना हीच अडचण येते.

पेपरच्या साहेबांनी त्याला 'बाद' असं लिहायला सांगितलं. त्यानं आठवडाभर लिहिलं, मग म्हणाला, "बाद नोट असती. माणूस मरतो." शेवटी 'मैदानात मेला' असं लिहायचं ठरलं. आज तो बहात्तर वर्षांचा आहे, नोकरी कधीच संपली, तरी रविवारच्या अंकात त्याची बातमी असते आणि सातारा-सांगलीची चार-सहा तरणी पोरं दर रविवारी मैदानात मरतात. लोकांना आता सवय झाली आहे.

मूळचा तो शिरवळचा. मी कोरेगावाजवळच्या गावचा. तो डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा, पकड करणारा. मी चढाई करणारा. म्हणजे त्याच्या अंगणात जाऊन कुणाला तरी शिवून परत यायचं हे माझं काम, आणि मला परत येऊ द्यायचं नाही हे त्याचं. उंचीनं बेताचा, मान जवळजवळ नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. चढाई करणाऱ्यांच्या टाचा खाऊन खाऊन डावा कान वाळल्या आंबोशीसारखा झालेला. आजही पाण्याचा तांब्या तो दोन्ही हातांनी असा धरतो, की तांब्या पळून जाणार आहे. त्याची बायको सुमनवहिनी सांगते, "लग्नात हातात हात दिला तर सोडीनात. भटजींनी दोनदा सांगितलं तवा सोडला."

त्याच्या जुन्या स्कूटरच्या डिक्कीत कायम फक्कीची पिशवी असते. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. मैदानावर पोचला की आधी मध्यरेषेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पायाला पाय लावून चालतो. कुठं पुसट दिसली की मुठीनं फक्की घेऊन स्वतः ओढतो. आता मोठे सामने मॅटवर होतात, रेषा मॅटमध्येच असते, तरी पिशवी सुटलेली नाही.

एकदा मी त्याच्या मागं बसून मिरजेकडं निघालो होतो. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. डिक्की उघडली. हवालदारानं पांढरी पूड बोटावर घेतली, वास घेतला, आमच्या दोघांकडं बघितलं.

"हे काय हाय?"

"रेषा."

"कसली रेषा?"

"मधली."

हवालदारानं साहेबाला बोलावलं. हणमंतानं मूठभर फक्की घेतली आणि रस्त्याच्या कडेला दहा फूट रेघ ओढली. म्हणाला, "साहेब, ह्या अंगाला तुमी, त्या अंगाला मी. आता तुमी येऊन मला शिवायचं आन् परत जायचं." साहेब पोलिसांच्या संघातून खेळलेला निघाला. पाऊण तास दोघं पकडीवर बोलत उभे होते. मी स्कूटरवर बसून ऊन खाल्लं. हवालदार बोट पँटला पुसत होता.

आयोजकांची शाल तो घेत नाही, नारळ घेत नाही, जेवण तर नाहीच. घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जातो आणि मैदानाच्या कोपऱ्याला मातीत बसून खातो. बातमी लिहिताना हरलेल्या संघाची नावं आधी लिहितो, राखीव गड्यांसकट सगळी. पेपरातल्या उपसंपादक बाई नव्या होत्या, त्यांनी विचारलं, "आप्पा, जिंकलेले खाली का?" तो म्हणाला, "जिंकलेल्यांचा बोर्ड गावात लागतो. ह्यांचं नाव अजून कुठं येणार?"

पण त्याचा सगळ्यात मोठा नेम पंचांचा. पंचांनी दिलेल्या निर्णयाच्या विरुद्ध तो कधी एक अक्षर लिहायचा नाही. लोक मैदानात खुर्च्या फेकत असले तरी त्याच्या बातमीत पंच बरोबर. "पंचांनी दिलं ते दिलं," असं म्हणायचा. हे मैदानापुरतं असतं तर चाललं असतं. पोरीला बारावीला मार्क कमी पडले, शेजारी म्हणाले पेपर फेरतपासणीला द्या, तर हा म्हणाला, "पंचांनी दिलं ते दिलं." पोरगी महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं, तेव्हाही तेच म्हणून त्यानं त्या दिवसापासून मीठ सोडलं. वहिनीचा भात कधी गिच्च झाला तरी तेच म्हणतो, पण ते ऐकायला वहिनीला आवडत नाही.

आता आमच्या दोघांतली गोष्ट.

पंचेचाळीस वर्षं झाली असतील. साताऱ्याला जिल्ह्याच्या ढालीसाठी शेवटचा सामना, आमचं गाव आणि शिरवळ. आम्ही एका गुणानं मागं. शेवटची चढाई माझी. मी त्यांच्या एका गड्याला शिवलो, वळलो, तेवढ्यात हणमंतानं मागून छातीला मिठी घातली. दोघं पडलो. मी त्याला अंगावर घेऊन घासत मध्यरेषेकडं सरकलो. कबड्डीत एका दमात, तोंडानं कबड्डी कबड्डी चालू असताना रेषेला हात लागला, की धरणारा मेला आणि चढाईवाला जिंकला. मी हात लांब केला. बोटं फक्कीत गेली. शिट्टी वाजली. पंचांनी मला बाद दिलं. म्हणाले, हात पोचला नाही.

मी बोटं दाखवली. पांढरी होती. पंच म्हणाले, शिट्टीनंतर लागली. ढाल शिरवळला गेली.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत हात धुतला नाही. डाव्या हातानं जेवलो, त्यावरून आईनं शिव्या दिल्या. गावात पारावर उभं राहून येईल-जाईल त्याला बोटं दाखवली. हणमंताला 'ढालचोर' हे नाव मीच पाडलं. ते नाव आमच्या गावातून कोरेगावात गेलं आणि कोरेगावच्या बाजारातून सगळ्या जिल्ह्यात.

त्याच वर्षी साखर कारखान्यानं संघ बांधला. बाहेरच्या गावचा एकच गडी घ्यायचा होता आणि शेवटी दोन नावं उरली होती, एक हणमंताचं आणि एक माझं. कारखान्याचे लोक म्हणाले, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला घ्या. मी लागलो. पुढं कायम झालो. पोरांची शिक्षणं, लग्नं, घराची स्लॅब, सगळं त्या नोकरीवर झालं. हणमंत अजून दोन हंगाम खेळला. जाईल तिथं बाहेरून ओरडायचे, ढालचोर आला, ढालचोर आला. मग त्यानं खेळ सोडला आणि सांगलीला मामाकडं गेला. मामा पेपरच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. पेपराला खेळातलं कळणारा माणूस हवा होता. असा तो बातमीदार झाला.

मला पेपरात मारलं म्हणून मी भांडायला गेलो, त्या दिवशी वहिनीनं जेवायला वाढलं. तिथून येणं-जाणं सुरू झालं. माणूस चांगला आहे हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं, पण मी हेका सोडणारा नव्हे. त्याच्या दारात पाऊल टाकलं की मी राम राम म्हणत नसे. म्हणायचो, "हात लागला हुता."

तो चष्मा वर सरकवून म्हणायचा, "पंचांनी दिलं ते दिलं. बस. अगं, च्या टाक."

फोनवरही तेच. त्याच्या पोरीच्या लग्नात मांडवात गर्दी होती, मी आहेराचं पाकीट हातात दिलं आणि कानाशी म्हटलं, "हात लागला हुता." त्यानं पाकीट परत माझ्या खिशात घातलं आणि म्हणाला, "पंचांनी दिलं ते दिलं. जेवून जा." त्याची आई गेली तेव्हा तेराव्याला गेलो होतो. तेव्हाही म्हटलं, जरा हळू आवाजात. तो "व्हय रं" म्हणाला, आणि मग सवयीनं बाकीचंही म्हणाला.

गेल्या थंडीत मला न्यूमोनिया झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात तेरा दिवस होतो. नाकात नळी, बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी घरच्यांना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, ते माझ्या पोराच्या तोंडावरून मला कळलं. हणमंत सांगलीहून एकटा आला, एसटीनं. कॉटजवळ स्टुलावर बसला. मी उजव्या हाताची बोटं वर करून त्याला दाखवली.

त्याला कळलं. पण त्या दिवशी तो 'पंचांनी दिलं ते दिलं' म्हणाला नाही. माझी बोटं बघत बसला. उठताना पायावरची चादर नीट केली आणि गेला.

पुढच्या रविवारी पोरानं पेपर आणून मला वाचून दाखवला. हणमंतानं लिहिलं होतं, 'साताऱ्याच्या त्या ढालीच्या सामन्यात शंकरचा हात मध्यरेषेला लागला होता. तो माझ्या मिठीत असताना लागला. मी पाहिले. पंचांना दिसले नाही.' बस, एवढंच. बातमीदार म्हणून सगळी हयात गेली, त्यात पंचांच्या विरुद्ध लिहिलेल्या त्याच्या ओळी या एवढ्याच.

मी मरणार असं धरून त्यानं ते लिहिलं होतं. मी मेलो नाही. चौदाव्या दिवशी घरी आलो.

घरी येतो तर चौकात माझ्या फोटोचा बोर्ड. आमच्या मंडळाचा अध्यक्ष विजय, त्यानं बातमीचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलेला. माणसं भेटायला येत होती, पाया पडत होती. शिरवळची माणसंही चांगली. त्यांनी निरोप धाडला, ढाल आमच्या तालमीत भिंतीला आहे, ती तुमची आहे, घेऊन येतो. विजयनं रविवारी कोरेगावात कार्यक्रम ठरवला. ढाल हणमंताच्या हातून मला द्यायची. हणमंतानं फोनवर हो म्हटलं.

ज्याच्यासाठी मी पंचेचाळीस वर्षं भांडलो ते सगळं दारात आलं होतं, आणि मी ताट तसंच बाजूला सारत होतो. बायकोला वाटलं औषधानं तोंड कडू झालंय.

आता लिहितो ते मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. हात लागला होता, ते खरं आहे. पण हात लागायच्या आधी माझा दम तुटला होता. रेषा वीतभर राहिली आणि छातीत काही उरलं नाही. मी तोंड हलवत राहिलो, आवाज नव्हता. बाहेर एवढा कल्ला होता की कुणाला कळलं नाही. मग मी गुपचूप एक श्वास ओढला आणि त्या श्वासावर हात लांब केला. दम तुटला तिथंच मी मेलो होतो. पंचांनी मला बाद दिलं ते चुकीच्या कारणानं दिलं, पण मी बादच होतो. हात पोचला नाही तर माणसाचं नशीब कमी पडलं म्हणतात. दम चोरला तर त्याला कुणी शेजारी उभं करत नाही. म्हणून मी हाताचंच बोलत राहिलो. एवढ्या मोठ्यानं बोलत राहिलो, की पुढं पुढं मलाही दुसरं ऐकू येईना.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेलो. वहिनीसाठी पिशवीत वाघ्या घेवडा घेतला होता. दार उघडंच होतं. हणमंत खुर्चीवर बसून रविवारच्या शर्टाला गुंडी लावत होता. त्याच्या त्या बोटांत सुई दिसतही नव्हती.

मी म्हटलं, "राम राम."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "अजून बरा न्हाईस का रं?"

"बरा हाय. रविवारी मी ढाल घेणार न्हाई."

"का? विजयशी भांडलास व्हय?"

"न्हाई. तुला एक सांगायचं हाय. माझा दम तुटला हुता. हात लागायच्या आधी."

त्यानं गुंडीतून एक टाका घेतला, मग दुसरा घेतला, दोरा दातानं तोडला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"माझी मिठी तुझ्या छातीला हुती, गड्या. कान पाठीला. आधी तुझा आवाज थांबला. मग छाती फुगली माझ्या हातात. मग हात गेला."

"कवापासनं ठावं हाय?"

"आता ह्याला काय सांगू. तवापासनं."

मी खाली जमिनीवरच बसलो.

"मग पंचाला का सांगितलं न्हाईस?"

"पंचानं बाद दिलं हुतं की. मेलेल्याला अजून काय मारायचं?"

"आन् मागनं? मी तुला गावोगाव ढालचोर म्हणत हिंडलो तवा?"

त्यानं शर्ट झटकला, उजेडाकडं धरून गुंडी बघितली. "हात पोचला न्हाई म्हणून हरलेला गडी पुढल्या वर्षी परत येतो, शंकऱ्या. दम चोरला म्हणून कळल्यावर त्याला कोण घेतंय? कारखान्यानं घेतला असता?"

"तुला घेतला असता."

"मला शिरवळला बागायत हुती. तुला काय हुतं? बाप त्याच वर्षी गेलेला."

सुमनवहिनी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं कप खाली ठेवले नाहीत, तसेच हातात धरून बोलली.

"भावजी, शिरवळच्या बाजारात मला बायका ढालचोराची म्हणायच्या. मी भाजी घ्यायला जायची न्हाई, सासूला धाडायची. ह्यांना इचारलं, आवं, खरं काय हाय एकदा सांगा. तर हे म्हणायचे पंचांनी दिलं ते दिलं. मला हे आज कळतंय."

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. हणमंत म्हणाला, "सुमे, च्या गार हुतोय." तिनं माझा कप माझ्यासमोर ठेवला, त्याचा मात्र परत आत घेऊन गेली. घेवड्याची पिशवी तिथंच राहिली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मग आता कशाला लिवलंस पेपरात?"

"तू मराय लागला हुतास. बोटं दावलीस. म्हटलं जातोय तर घिऊन जाऊ दे." त्यानं शर्टाची घडी मांडीवर घातली. "हात लागला हुता एवढंच लिवलंय. खोटं एक अक्षर न्हाई. आता तू उठलास त्याला मी काय करू?"

"दुसरं लिव मग. दमाचं लिव."

"न्हाई. एकदा पंचाच्या वर गेलो तेवढं बास झालं. तुझ्यावर तर मी लिवणार न्हाईच."

"मग लोकांना कळायचं कसं?"

"तुझं तू लिव."

"मला कुठं लिवाय येतंय? चौथी शिकलोय मी."

"कोण मेलं ते पयलं लिव," हणमंत म्हणाला. "मग कसा मेला ते. बाकी मागनं येतं."

मी निघालो तेव्हा वहिनी बाहेर आली नाही. आतून म्हणाली, "जेवून जावा." आवाज रडलेला होता. मी जेवलो. तिनं वाढलं, पण बोलली नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं.

शनिवारी मी विजयला सांगितलं, कार्यक्रम नाही. तो म्हणाला, "पत्रिका वाटल्यात की." मी मंडळाच्या पोरांना तालमीत बोलावलं आणि जसं झालं तसं सांगितलं. एक जण उठून बाहेर गेला आणि चौकातला बोर्ड उतरवायला लागला. मंगळवारी शिरवळला गेलो, त्यांच्या तालमीत भिंतीला लावलेल्या ढालीखाली उभं राहिलो आणि तिथंही तेच सांगितलं. तिथं एक म्हातारा होता, माझ्याच वयाचा. त्या सामन्यात मी ज्याला शिवलो होतो तो. तो म्हणाला, "म्हंजी आम्ही खरंच जिंकलो हुतो?" मी म्हटलं, "व्हय." तो खाटेवर बसला आणि लय वेळ ढालीकडं बघत राहिला. त्यालाही आपण चोरीची ढाल जपतोय असं वाटत होतं. एवढ्या लोकांना मी काय काय वाटायला लावलं होतं, ते तिथं कळलं.

हे लिहायला मला दोन महिने लागले. नातीच्या वहीत लिहिलं. लिहून झालं की सांगलीला घेऊन जायचो, हणमंत लाल पेन घेऊन ऱ्हस्व-दीर्घ बघायचा. त्याला मी काय लिहिलंय याचं काही नव्हतं, वेलांट्यांचं होतं. स्वतःच्या कानाला मी आंबोशी म्हटलेलं त्यानं तसंच ठेवलं. नाक्यावरच्या हवालदाराचं वाचून हसलाही. वहिनीनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "भाताचं कशाला लिवलं?" आता बोलते माझ्याशी.

फक्त एक वाक्य हणमंतानं खोडलं. म्हणाला, "हे बातमीत लागत न्हाई." मी घरी येऊन परत लिहिलं. पुढच्या खेपेला त्यानं परत खोडलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी वही त्याला दाखवली नाही, थेट उपसंपादक बाईंकडं पाठवली आहे. बाईंना सांगतो, जागा कमी पडली तर वरचं काहीही कापा, हे वाक्य कापू नका.

शिरवळचा हणमंत ढालचोर नव्हता, चोरी मी केली होती.